हौद्यात काय अंथरायचं? पिकअपचा लायनर निवडताना मी केलेली चूक

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

आज कोडिंग नाही, करिअर नाही, इंटरव्ह्यूच्या टिप्सही नाहीत. आज आपण पिकअपच्या हौद्याबद्दल बोलणार आहोत. हो, हौदाच. मागचा उघडा भाग, जिथे माल भरतात. त्याच्या तळाला काय अंथरायचं, हा आजचा विषय.

तुम्ही म्हणाल, हा हिंजवडीत बसून कोड लिहिणारा माणूस पिकअपबद्दल काय सांगणार? बरोबर आहे. पण आमचं घर जुन्नर तालुक्यात आहे, शेती टोमॅटोची आहे, आणि घरी बोलेरो पिकअप आहे. ती माझा चुलत भाऊ चालवतो. मी त्याला दादा म्हणतो. आणि त्या गाडीच्या हौद्यात काय अंथरायचं, हे चार वर्षांपूर्वी मी ठरवलं होतं. ते चुकलं. ते कसं चुकलं आणि त्यातून काय कळलं, ते सांगतो. तुमच्या घरी, मित्राकडे, गावाकडे पिकअप किंवा छोटा टेम्पो असेल तर हा भाग शेवटपर्यंत ऐका.

मी काय केलं होतं

गाडी घेतली तेव्हा ती सेकंडहँड होती, पण हौदा चांगला होता. रंग शाबूत होता. दादा म्हणाला, "कॅरेट ओढून ओढून पत्रा खराब होतो, काहीतरी अंथरू या." मी म्हणालो, "दादा, तू थांब, मी बघतो." बीटेक झालेला भाऊ घरात असल्यावर असं होतंच. मोबाइलचं कव्हर असो की मोटरचा स्टार्टर, विचारायचं त्यालाच.

मी ऑनलाइन शोधलं आणि बसमध्ये असते तशी पीव्हीसीची जाड शीट मागवली. रंग करडा, वर बारीक खडी असल्यासारखी नक्षी. ती मी स्वतः बसवली. खाली डिंक लावला, वरून पत्र्यातून आरपार जाणारे स्क्रू मारले आणि कडेने सिलिकॉन भरलं. पाणी आत जायलाच नको म्हणून हौद्याच्या तळाला पाणी जायला जी भोकं असतात, तीही शीटखाली झाकून टाकली. काम झाल्यावर हौदा इतका देखणा दिसत होता की मी फोटो काढून स्टेटसला ठेवला होता.

चार वर्षं सगळं छान चाललं. दिसायला तरी छान. मग गेल्या जूनमध्ये, ऐन टोमॅटोच्या हंगामात, दादा खत उतरवत होता. खांद्यावर युरियाची ४५ किलोची गोणी. हौद्याच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात त्याने पाय ठेवला आणि पाय शीटसकट खाली गेला. नडगीपर्यंत. फाटलेल्या पत्र्याची धार किती असते, तुम्हाला माहितीये. नऊ टाके पडले. वीस दिवस गाडी दुसऱ्या ड्रायव्हरने चालवली, आणि हंगामात ड्रायव्हर काय भावात मिळतो, ते शेतकऱ्यांना सांगायला नको.

मी दुसऱ्या दिवशी गावी पोहोचलो. दादा पाय उशीवर ठेवून पडला होता. मला वाटलं, आता बोलणार. तो एवढंच म्हणाला, "शीट तर चांगली होती रे. वरून काहीच दिसत नव्हतं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. कारण चूक नेमकी तीच होती. वरून काहीच दिसत नव्हतं.

शीटखाली काय झालं

फॅब्रिकेशनवाल्या मामांकडे गाडी नेली. त्यांनी शीट कापून उचलली तर खाली तपकिरी चिखल. त्यात माती, टोमॅटोच्या बिया, खताचे विरघळलेले दाणे. मी ३७ स्क्रू मारले होते, मोजले. प्रत्येक स्क्रूभोवती गंजाचं गोल कडं होतं. काही ठिकाणी पत्रा बोटाने दाबला तर चुरा व्हायचा.

का झालं असं? थोडं विज्ञान, कंटाळू नका.

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. मीठ असेल तर काम भराभर होतं. आता आपण खत वाहतो. पोटॅशची जी गोणी असते, एमओपी, ते म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. खाण्याच्या मिठाचा सख्खा भाऊच म्हणा. गोणी जराशी फाटली, चार दाणे सांडले, वर पाऊस पडला, की खारं पाणी तयार. ते स्क्रूच्या भोकातून शीटखाली गेलं. खाली जाऊन बसलं. भोकं मी झाकलेली, त्यामुळे बाहेर पडायला वाट नाही. वरून शीट, त्यामुळे ऊन लागत नाही, वारा लागत नाही, वाळत नाही.

आणखी एक गंमत, खरं तर गंमत नाही. तुम्हाला वाटेल की शीटखाली हवा कमी, म्हणजे गंजही कमी. उलट होतं. एकाच ओल्या पत्र्यावर एका जागी हवा भरपूर आणि शेजारच्या फटीत हवा कमी, असं असलं की फटीतलं लोखंड आधी खाल्लं जातं. छोटी बॅटरीच तयार होते तिथे. म्हणून गंज नेहमी फटीत, जोडात, वॉशरखाली, शीटखाली जास्त सापडतो.

उघडा पत्रा गंजला असता तर दिसला असता. दादाने दर वर्षी रेड ऑक्साइडचा हात मारला असता. मी संरक्षण केलं नव्हतं, मी झाकलं होतं. आमच्या कामात एक वाईट सवय असते. प्रोग्रॅममध्ये एरर यायला लागली की ती पकडून गुपचूप गिळून टाकायची, म्हणजे स्क्रीनवर काही दिसत नाही. सगळे खूश. आणि एक दिवस सगळी सिस्टिम पडते. मी ऑफिसात ज्युनिअर मुलांना यावरून बोलतो. घरच्या गाडीत मीच ते केलं होतं.

आता पर्याय बघू

पत्रा कापून नवा लावायचा ठरला. मग प्रश्न आला, आता काय अंथरायचं? या वेळी मी वही घेऊन बसलो. आमचा हौदा साधारण ९ फूट लांब, साडेपाच फूट रुंद. म्हणजे जवळपास ४.६ चौरस मीटर. हा आकडा लक्षात ठेवा, वजन काढायला लागेल. कारण लायनरचं वजन मालाच्या वजनातूनच वजा होतं. आरसीवर गाडीचं एकूण वजन ठरलेलं असतं, लायनर त्यातच आला.

पहिला पर्याय, चेकर प्लेट. उंचवट्यांची नक्षी असलेला जाड पत्रा. तीन मिलिमीटरचा स्टीलचा घेतला तर एका चौरस मीटरला साडेतेवीस किलो. आपल्या हौद्याला ११० किलोच्या आसपास. टोमॅटोचं एक कॅरेट २० किलोचं धरलं तर प्रत्येक खेपेला पाच कॅरेट कमी. हंगामात शंभर खेपा झाल्या तर पाचशे कॅरेट. दगड, लोखंड, विटा वाहणाऱ्याला ही प्लेट हवीच, तिथे दुसरं काही टिकत नाही. टोमॅटोवाल्याला नको.

त्यातच ॲल्युमिनियमची चेकर प्लेट मिळते. ती ३७-३८ किलोत बसते. दिसते भारी. पण कोकणातले जे लोक ऐकतायत, मासे वाहणारे, त्यांनी जपून. बर्फाचं खारं पाणी, खाली स्टील, वर ॲल्युमिनियम, दोन्ही एकमेकांना चिकटून, म्हणजे पुन्हा बॅटरी. या जोडीत ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं. लावायचीच असेल तर दोन धातूंच्या मध्ये रबराचा किंवा रंगाचा अखंड थर हवा.

दुसरा, प्लायवूड. स्वस्त, लगेच मिळतं, सुतार अर्ध्या दिवसात बसवून देतो. फर्निचर, इलेक्ट्रॉनिक्स, कोरडा माल वाहणाऱ्यांसाठी उत्तम. १२ मिलिमीटरचं घेतलं तर कोरडं असताना ३५-३६ किलो. ओलं झालं की पाणी पितं, वजन वाढतं, आणि पत्र्यावर ओला बोळा ठेवल्यासारखं बसतं.

तिसरा, तयार साच्यातला प्लॅस्टिकचा लायनर. एचडीपीई नावाचं प्लॅस्टिक असतं, पाण्याच्या टाकीसारखं. हायलक्स, व्ही-क्रॉस अशा गाड्यांना तो मापात बसतो. वजन किरकोळ, आपल्या तळाएवढा चार मिलिमीटरचा धरला तर १७-१८ किलो. आपटलं तर पोचा येत नाही. पण आमच्या गाडीचे तिन्ही बाजूंचे फाळके उघडतात, तिथे टबासारखा साचा बसणार कुठे? दुसरं, प्लॅस्टिक गुळगुळीत असतं. ब्रेक मारला की माल केबिनकडे धावतो. आणि तिसरं, खाली बारीक खडी अडकली की गाडीच्या हादऱ्यांनी तो लायनर पॉलिश पेपरसारखा पत्र्याचा रंग घासत राहतो. ज्यांच्याकडे असा लायनर आहे त्यांनी वर्षातून दोनदा तरी तो काढून खाली बघायचं.

इथे एक धोक्याची गोष्ट सांगतो, ही मात्र नीट ऐका. फवारणी पंपासाठी आपण कॅनमध्ये पेट्रोल आणतो. पंपावर कॅन हौद्यातच ठेवून भरून घेतो. प्लॅस्टिकच्या लायनरवर असं कधीच करायचं नाही. पेट्रोल ओतताना स्थिर वीज तयार होते, प्लॅस्टिकमुळे ती जमिनीत जाऊ शकत नाही, साठते, ठिणगी पडते. अमेरिकेत अशा आगी लागल्या होत्या, आणि तिथल्या एनआयओएसएच या सरकारी संस्थेने १९९८ मध्ये त्याबद्दल इशारा दिला होता. उपाय अगदी साधा. कॅन खाली जमिनीवर ठेवा, मग भरा. त्याला पैसे लागत नाहीत.

स्प्रेवाला पर्याय, आणि तो मुलगा

चौथा पर्याय म्हणजे स्प्रे लायनर. पॉलीयुरिया किंवा पॉलीयुरेथेन. दोन रसायनं गरम करून, जोरात एकत्र फवारतात, आणि पत्र्यावर रबरासारखा थर घट्ट चिकटतो. पॉलीयुरिया तर काही सेकंदांत घट्ट व्हायला लागतं. खाली फटच नाही, म्हणजे पाणी जाणार कुठे? वजन तळ आणि बाजू मिळून वीस-पंचवीस किलो. इंजिनिअर म्हणून मला हाच आवडला होता. शंभर टक्के.

दोन अटी आहेत. एक, पत्रा पूर्ण स्वच्छ हवा. गंजावर फवारलं तर थर गंजाला चिकटतो, लोखंडाला नाही, आणि सालासारखा निघतो. म्हणून नव्या गाडीला हे उत्तम, जुन्याला आधी सगळा पत्रा घासून चकचकीत करावा लागतो. दोन, थर काळा आणि साध्या प्रकारातला असेल तर उन्हाने फिका पडतो. ताकद लगेच जात नाही, पण "नवी दिसेल" या आशेवर राहू नका.

आम्ही हायवेवरच्या एका दुकानात गेलो. दादा लंगडत का होईना, सोबत आला होता. आत एका गाडीचं काम चालू होतं. पत्र्याची शेड, शटर अर्धं खाली, पंखा नाही. फवारणारा मुलगा माझ्यापेक्षा लहान असेल, बावीस-तेवीसचा. तोंडाला रुमाल बांधलेला. साधा रुमाल, आपण बाइकवर बांधतो तो.

मी रात्री जागून जे वाचलं होतं ते आठवलं. या फवारणीत आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. ती श्वासातून गेली तर दमा होऊ शकतो. आणि एकदा का शरीराला त्याची ॲलर्जी बसली की नंतर अगदी थोड्या वासानेही जोराचा झटका येऊ शकतो. एनआयओएसएचने २००६ मध्ये खास पिकअपच्या स्प्रे लायनरबद्दलच इशारा काढला होता. त्याच्या नावातच दमा आणि मृत्यू हे दोन्ही शब्द आहेत. या कामाला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो, धूर ओढून घेणारी बंद खोली लागते, आणि बाकीच्यांनी लांब थांबायचं असतं. रुमालाचा इथे काडीचाही उपयोग नाही.

मी त्या मुलाला विचारलं, "मास्क नाही का?" तो म्हणाला, "पाच-दहा मिनिटांचं काम असतं सर. सवय झालीये." मालकाला सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि डिस्काउंट देऊ केला.

आम्ही बाहेर पडलो. दादा गाडीत बसल्यावर म्हणाला, "आपण नाही केलं तर तो दुसऱ्याच्या गाडीवर मारणारच ना?"

याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही. मी एवढंच म्हणालो, "दादा, तुझे नऊ टाके माझ्यामुळे. अजून एकाचं माझ्या नावावर नको." तो काही बोलला नाही. पण गाडी त्याने घराकडे वळवली.

म्हणून तुम्ही स्प्रे करून घेणार असाल तर जरूर घ्या, वस्तू चांगली आहे. फक्त आधी दुकानात जाऊन दुसऱ्याचं काम चालू असताना बघा. फवारणाऱ्याच्या तोंडावर काय आहे ते बघा. जो माणूस आपल्या कामगाराच्या फुप्फुसांत काटकसर करतो, तो तुमच्या पत्र्याची साफसफाई नीट करेल, हे कशावरून? आणि घरी बंद शेडमध्ये किट आणून स्वतः फवारण्याच्या भानगडीत अजिबात पडू नका.

शेवटी काय केलं

पाचवा पर्याय आईने सांगितला. खरंच. आम्ही ओट्यावर बसून चर्चा करत होतो, आई म्हणाली, "गोठ्यात गाईखाली टाकतो ती मॅट टाका की. गाय घसरत नाही, कॅरेट काय घसरतील?"

रबरची मॅट. खालच्या बाजूने रेघा असलेली, त्यामुळे पाणी वाहून जायला वाट राहते. दहा मिलिमीटरची घेतली तर हौद्याला ५५-६० किलो. म्हणजे तीन कॅरेट कमी, हे मान्य. पण माल जागेवर राहतो, पाय घसरत नाही, आणि मुख्य म्हणजे ती उचलता येते.

तोटेही सांगतो. ड्रम किंवा कपाट ढकलत आत सरकवणाऱ्यांना रबर अडवतं, हमाल वैतागतात. त्यांना प्लॅस्टिक किंवा प्लाय बरं. हलक्या रबराला वास येतो, दूध किंवा उघडं खाद्य वाहणाऱ्यांनी आधी वास घेऊन बघावा. आणि मॅट टाकून विसरलात तर तीही माझ्या शीटसारखीच वागणार.

आम्ही असं केलं. नवा पत्रा, दोन्ही बाजूंनी झिंक प्रायमर, वर रंग. वेल्डिंगच्या जोडांवर दोन हात जास्त, कारण तिथला मूळ रंग जळालेला असतो. पाणी जायची भोकं मोकळी. एकही स्क्रू नाही. मॅट अखंड न घेता तीन तुकड्यांत कापली, म्हणजे एकटा माणूस एकेक तुकडा उचलू शकतो. खर्च स्प्रेपेक्षा बराच कमी आला. भाव गावागावात बदलतात म्हणून आकडा सांगत नाही, पण तुमच्या गावात गोठ्याचं सामान जिथे मिळतं तिथे विचारा, गाडीच्या ॲक्सेसरीच्या दुकानात नको.

तर मंडळी, लायनर घेताना तीन प्रश्न. मी काय वाहतो, कोरडं, ओलं, खारं की धारदार? माल उचलून ठेवतो की सरकवतो? आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा, हे उचलून मला खाली बघता येईल का? तिसऱ्याचं उत्तर "नाही" असेल, तर तो थर स्प्रेसारखा पत्र्याला पूर्ण चिकटलेला असावा. मधलं काहीतरी, अर्धं चिकटलेलं, अर्धं झाकलेलं, ते घेऊ नका. ते मी घेतलं होतं.

शेवटचं. मॅट उचलायची आठवण कशी ठेवायची? मी दादाला म्हणालो, मोबाइलवर रिमाइंडर लावून देतो. तो हसला. म्हणाला, "अमावस्येला गाडी धुतो, लिंबू-मिरची बदलतो, नारळ फोडतो. त्याच दिवशी मॅट उचलतो. तुझा रिमाइंडर राहू दे."

परवाच्या अमावस्येला त्याने मला फोटो पाठवला. लिंबू-मिरचीचा नाही. तिन्ही मॅट अंगणात उभ्या केलेल्या, आणि कोरडा, रंग शाबूत असलेला हौदा. खाली एकच शब्द लिहिला होता, "बघ."

तुमच्याकडे पिकअप असेल तर या रविवारी तुम्हीही उचलून बघा, आणि खाली काय सापडलं ते मला व्हॉइस नोटवर कळवा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, आणि खत उतरवताना पाय बघून ठेवा.